यूअनदादाचे मत

"हा... हा आमच्या शेतावरचा माणूस," लॅक्लन मॅकास्किल वकील पाहुण्यांना म्हणाले, आणि दारात लोण्याची बुधली घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाने मान खाली घातली!

राजधानी हॅलिफॅक्सहून पक्षाची दोन बडी मंडळी न्याहारीला आलेली, आणि यूअनदादाच्या बुटांना शेणमाती... शब्द निसटला खरा, पण परत घेण्याचे धैर्य लॅक्लनला झाले नाही. दादा बुधली उंबऱ्यावर ठेवून निमूट निघून गेला. बाप गेल्यावर नांगर धरून, स्वतःचा संसार न मांडता ज्याने धाकट्याला कायदा शिकवला, तो हा दादा! नावावर जमीन नसलेल्याला निवडणुकीला उभे राहता येत नाही, म्हणून आपली शंभर एकरसुद्धा त्याने लॅक्लनच्या नावे करून दिली होती. निवडून आल्यावर परत करायची, असे दोघांत तोंडी ठरले होते.

दुपारी चौकात मतदानाचा शेवटचा प्रहर आला. मंचावर चढायचे आणि साऱ्या गावादेखत उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे, अशी तिथली रीत. दोन्ही उमेदवारांची मते बरोबरीत होती आणि मत द्यायचा उरला होता एकटा यूअन. सकाळचा अपमान गिळून तो आला होता... आणि बूट लख्ख घासून आला होता! ते बूट पाहून लॅक्लनला धरणी दुभंगेल तर बरे असे झाले.

विरुद्ध बाजूच्या वकिलाने बायबल पुढे केले. "यूअनकाका, जमीन असेल त्यालाच मत. तुमच्या नावावर आहे, एवढी शपथ घ्या."

जमिनीबरोबर मतही गेले, हे त्या भोळ्या जिवाच्या ध्यानीमनी नव्हते, आणि वकील असून लॅक्लनलाही ते सुचले नव्हते. यूअनने एकवार भावाकडे पाहिले.

"माझी जमीन नाही," तो हळूच म्हणाला. "मी शेतावरचा माणूस आहे."

लोक खदखदून हसले. जन्मभर राबून वीतभर जमीनही जोडली नाही का, असे कोणीतरी खवचटपणे विचारले. लॅक्लन गप्प राहिले तर फेरमोजणीत अजून आशा होती; पण ते उठले.

"जमीन त्याचीच आहे. मी ती नुसती नावाला घेतली आणि तिच्या जोरावर खोटा उभा राहिलो. हा माझा सख्खा भाऊ आहे. सकाळी मी त्याला ओळख दिली नाही."

मते नोंदणाऱ्या कारकुनाने उमेदवारांतल्या त्यांच्या नावावर काट मारली. बडी मंडळी बग्गीत बसून निघून गेली.

"वेड्या, इतक्या वर्षांची मेहनत घालवलीस," म्हणत यूअन मंचाच्या पायरीवर मटकन बसला. लॅक्लन त्याच्या पायाशी बसले.

"दादा, सकाळी विचारायचंच राहिलं... तू काही खाल्लं होतंस का?"

यूअनने मानेनेच नाही म्हटले. खिशातून ओटची भाकरी काढून त्याने मोडली आणि लहानपणापासूनच्या सवयीने मोठा तुकडा धाकट्याच्या हातावर ठेवला. मान वर न करता लॅक्लन तो खाऊ लागले.