न परतलेल्या तक्रारी

बेकरीवाला आला तेव्हा भाऊजी खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. टोक आधीच झालेलं होतं. बायको गेल्यापासून ते रोज सकाळी थोरल्या मेहुणीच्या ऑफिसात येऊन बसत. घरी बसण्यापेक्षा बरं, एवढंच. मेहुणीला सगळे ताई म्हणत. विम्याचे खोटे दावे पकडता पकडता त्यांनी स्वतःचं शोधकाम सुरू केलं होतं.

"माझी मुलगी तलावावर पोहायला शिकवायची," बेकरीवाला म्हणाला. "आता खोलीबाहेर येत नाही. ताट ठेवलं तर जेवते. नाही ठेवलं तर मागत नाही."

तिच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना कुणीतरी निनावी मेल पाठवत होतं. तिच्याविषयी तोंडाने सांगवणार नाही असा मजकूर, सोबत बनावट फोटो. एकेक मूल शिकवणीतून गेलं. मग तलावाच्या व्यवस्थापकाने तिला 'थोडे दिवस' घरी बसायला सांगितलं.

"तक्रार केली?"

"केली ना. त्या मेलच्या पोटात पाठवणाऱ्याचा आकड्यांचा पत्ता असतो म्हणे. तो कुठल्या इंटरनेट कंपनीचा, हे तिने शोधून काढलं. तक्रारीसाठी दिलेल्या मेलवर लिहीत राहिली. परत परत. उत्तर नाही. मी स्वतः कंपनीत गेलो, तर म्हणतात, एकही तक्रार आलेली नाही. पोलीस म्हणतात, कंपनीचं उत्तर आणा."

"तिचे मेल परत आले का? असा पत्ताच नाही, असं सांगत?"

"नाही. एकही परतला नाही."

"आणि ते घाणेरडे मेल कधी यायचे?"

"भरदिवसा. मी भट्टीवर असताना. मध्ये बंद पडले होते, शाळा सुरू व्हायच्या सुमारास. म्हटलं, सुटलो. मग पुन्हा सुरू."

"कुणाशी वाकडं?"

"तिचं? संघ निवडला तेव्हा एकदोन पालक चिडले होते. दुखापत असलेल्या मुलांना तिने स्पर्धेत उतरवलं नाही. दुसरं काही नाही."

भाऊजींनी हे सगळं ऐकलं. वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

कंपनी छोटी होती. आसपासच्या वस्तीला इंटरनेट पुरवायची. वाटेत ताईंनी समजावलं, "असे आकड्यांचे पत्ते कंपन्यांना वाटून देणारी एक संस्था असते, भाऊजी. कोणते पत्ते कुणाकडे आहेत, हे ती सगळ्यांना बघायला ठेवते. शेजारी एक मेलही असतो. त्या पत्त्यांवरून कुणी गैरवापर केला तर इथे कळवा म्हणून. जगाला तेवढंच एक दार."

मालक टेबलामागून उठलाच नाही. "ती तक्रारींची मेलपेटी कधीच बंद झाली. जुना माणूस गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. आणि ग्राहकाचं नाव मी पोलिसांशिवाय देणार नाही."

"पेटी बदलली का नाही?"

"कुणी विचारलं नाही. बाई, आमच्याकडे तारा तुटल्या तरी लोक बोंब मारतात. त्या पेटीसाठी आजवर कुणी आलं नव्हतं."

कार्यालय सांभाळणाऱ्या बाई जास्त बोलक्या होत्या. "त्या संस्थेचा फोन आला होता एकदा. तपासणीच्या मेलला उत्तर नाही म्हणाले. शाळा सुरू व्हायच्या वेळी. मुलांच्या दप्तरांच्या गडबडीत होते, म्हणून लक्षात आहे. मालकांना सांगितलं, ते हो म्हणाले आणि विसरले. मालक आणि मी, दोघंच होतो तेव्हा, अभियंताही नव्हते. पुन्हा काही फोन आला नाही."

"तुमचे अभियंता?"

"रजेवर होते. एरवी खुर्ची सोडत नाहीत हो. डबासुद्धा तिथेच खातात."

अभियंता सौम्य माणूस होता. बसायला त्याने स्वतः खुर्च्या आणून दिल्या. "बंद पेटी आहे ती. तिथे काही पोचतच नाही."

"मध्ये रजेवर होतात म्हणे?"

"वडील आजारी होते. घर बंद करून आम्ही तिघंही गावी गेलो. तिकडे फोनलाही रेंज नाही."

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "त्याच्या टेबलावर काय दिसलं?"

भाऊजींनी आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला होता. "एक फ्रेम. दहाबारा वर्षांची पोरगी, डोक्याला रबरी टोपी, पाणी निथळतंय. घाईत काढलेला फोटो. का?"

 ताईंनी पत्ते वाटणाऱ्या त्या संस्थेला फोन लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळे मालकाच्या खोलीत जमले. बेकरीवाला दाराशी उभा राहिला.

"बंद पेटीवर पाठवलेला मेल परत येतो," ताई म्हणाल्या. "या मुलीचा एकही परत आला नाही. म्हणजे पेटी उघडी होती. आता ती कुणी वाचत होतं का? संस्था दर वर्षी त्याच पेटीत एक मेल टाकते. पोच द्यायला आत एक खूण असते, ती दाबली तरच पत्ता चालू मानतात, नाहीतर नोंदीवर शेरा पडतो आणि मालकाला जाब विचारतात. तुमच्या नोंदीवर शेरा नाही. आधी उत्तर गेलं नाही, मग उशिरा गेलं. कुणीतरी पेटी उघडून ती खूण दाबली."

मालकाने बाईंकडे पाहिलं.

"त्या नव्हेत. तुम्हीही नाही. उत्तर थांबलं तेव्हा तुम्ही दोघं इथेच होतात. इथे नव्हता तो एकच माणूस. तो परतला आणि उत्तर गेलं. तेवढेच दिवस घाणेरडे मेलही बंद होते."

"म्हणजे यांनीच?" बेकरीवाल्याचा आवाज अगदी सपाट होता.

"नाही. मेल भरदिवसा जायचे, तेव्हा हे या खुर्चीत असायचे. पण घर बंद होतं तेव्हा मेल बंद. मेल घरून जात होते. हे ऑफिसात, मुलगी शाळेत. घरी राहतं कोण? आणि ती मुलगी पोहते. तिला संघात घेतलं नाही, हो ना?"

अभियंत्याने मान डोलावली. 

"खांदा दुखावला होता तिचा," तो म्हणाला. "बायको म्हणायची, मुद्दाम डावललं. दुसरं बोलणंच नव्हतं तिला. मग पहिली तक्रार आली; त्या पेटीचा पासवर्ड जुना माणूस जाताना मला देऊन गेला होता. तक्रारीखाली तो आकड्यांचा पत्ता होता. तो मला पाठ आहे. माझ्याच घरचा."

"मग?"

"मेल पुसून टाकला. घरी गेलो, जेवलो. तिला विचारणार होतो. विचारलं नाही. दुसरी तक्रार आली, तीही पुसली. पुढे पुढे काही वाटेनासं झालं. शेरा पडला असता तर मालकांनी नवी पेटी उघडून दुसऱ्याकडे दिली असती, म्हणून संस्थेला तेवढं उत्तर दिलं."

बेकरीवाला त्याच्या अंगावर धावून जाईल असं भाऊजींना वाटलं. तो फक्त म्हणाला, "लिहून द्या हे."

त्याने लिहून दिलं. तो कागद पोलिसांकडे गेला. मालकाने त्याच दुपारी तक्रारीचा पत्ता बदलला आणि शेजारी स्वतःचा फोन नंबर घातला.

संध्याकाळी ताई आणि भाऊजी बेकरीवाल्याच्या घरी गेले. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. बापाने सगळं सांगितलं. कोण, का, कसं. परक्याची बातमी ऐकावी तशी ती ऐकत राहिली. अभियंत्याच्या बायकोचं नाव ऐकूनही तिचा चेहरा हलला नाही.

मग तिने विचारलं, "म्हणजे माझे मेल पोचत होते?"

"हो," ताई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे. त्याने वाचले."

"मला वाटायचं, मलाच नीट लिहिता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून दर वेळी नव्याने लिहायचे. जास्त नम्रपणे. शेवटच्यात तर मी माफीही मागितली, सारखा त्रास देते म्हणून."

आणि ती रडायला लागली. मोठ्याने, तोंड न झाकता. बाप तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याचे हात पिठाचे होते, म्हणून कोपराने त्याने तिला जवळ ओढलं.

ताई डोळे पुसत बाहेर गेल्या. भाऊजी उंबऱ्यात थांबले. आता आपल्यालाही भरून येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी वाट पाहिली. आतलं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि ताईंच्या मागून जिना उतरले.