बाळापूरच्या स्थळाचा नकार

सकाळचे सहा वाजायचे होते, तेव्हा चिखलदऱ्याच्या शिबिरातली बायकांची मोठी राहुटी कोसळली. दुखापत कोणाला झाली नाही. आत झोपलेल्या शिक्षिका ओल्या कापडाखाली सापडल्या, एवढंच.

साल १९६३, डिसेंबरची थंडी. अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्राथमिक शिक्षकांचं ते शिबिर होतं. मुलांना सहलीला कसं न्यावं, राहुटी कशी ठोकावी, डोंगरवाटेवर रांग कशी सांभाळावी, हे शिकवायला भरवलेलं. गाविलगडाची पायवाट शिबिराच्या कडेनंच जात होती, आणि थंडीत त्या वाटेवर सहलीवाल्यांची वर्दळ असे.

बाळापूरच्या मुलींच्या शाळेतली शकुन खंडारे अंधारात आपली वेणी कुठे अडकली ते चाचपत होती. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"आत कोणी हाय काय जी?"

"नाई," शकुन म्हणाली. "आमी सगळ्या धारणीले फिराले गेलो."

मग तोच आवाज, अगदी गंभीरपणे — "मंग तुमी वापस येईपर्यंत थांबू, का आताच उचलू?"

सगळ्या जणी हसल्या. कापड वर उचललं गेलं, धुकं आत शिरलं, आणि धुक्यासोबत एक चेहरा. कानटोपी, थंडीनं लाल झालेलं नाक, ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

शकुनचं हसू मात्र जागच्या जागी थांबलं. हा सहदेव तायडे होता.

मागच्या दिवाळीनंतर तो आपल्या मामासोबत तिला पाहायला बाळापूरला आला होता. सतरंजीवर बसला तो उठेपर्यंत खाली मान घालून. त्यानं तिला पाहिलं नाही, पण तिनं स्वयंपाकघराच्या दारातून त्याला पोटभर पाहून घेतलं होतं. आणि पंधरवड्यानं त्याच्या मामाचा निरोप आला — पोराला नोकरीवाली बायको नको. शकुनचे वडील जानराव त्यानंतर कितीतरी दिवस कोणाशी धड बोलले नव्हते.

आता तो समोर उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूणही नव्हती. नसणारच, शकुनच्या मनात आलं. पाहिलं कुठं होतं त्यानं?

शिबिरप्रमुख चंद्रभान गुरुजींनी जागेवरच चौकशी केली. दव पडलं की तागाचा दोर आखडतो आणि खुंट्या उपसून काढतो, म्हणून निजण्याआधी दोर सैल करायचे असतात. इथले दोर तर कोणीतरी ताणून बांधले होते.

"कोणी आवळले?"

"मी, गुरुजी," सहदेव म्हणाला. "म्हटलं, बायांची राहुटी हाय, मजबूत असावी."

शिक्षा लगेच ठरली. शिबिर संपेपर्यंत बायकांच्या राहुटीचं पाणी सहदेवनं भरायचं.

दुसऱ्या दिवसापासून तो उजाडता उजाडता बादल्या घेऊन येऊ लागला. अमरावतीच्या बेबीताई शिबिरात सगळ्यांत वडील. त्या आतूनच हाक मारत, "शकुन, उठ वं! पाणी आलं... आन पाणीवाले बी आले."

"ठेवून जा म्हणा," शकुन पांघरुणातून म्हणे.

"ठेवतो जी," बाहेरून उत्तर येई. "पण आज थंडं हाय. तोंड धुताना मले शिव्या नका देऊ."

"शिव्या कायले? आमी सुधारलेल्या बाया हाओत."

"हो, ते राहुटीखालूनच समजलं होतं."

ती रागावायचं ठरवी आणि पाण्यात हात घाली. पाणी कोमट असे. रात्रीच्या चुलीच्या निखाऱ्यांवर तो ते ठेवत असावा. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

गाविलगडाला जायच्या दिवशी रांगेच्या शेवटी सहदेव होता. कोणी मागे राहू नये, हे त्याचं काम. बेबीताई दम खात हळूहळू चालत होत्या, आणि त्यांच्यासोबत शकुन. वाटेत सहदेवनं झाडाखालचे आवळे वेचून दोघींना दिले.

"गुरुजी, लगन झालं काय हो तुमचं?" बेबीताईंनी आवळा चावत विचारलं.

"नाई जी. एक पोरगी पाह्यली होती. बाळापूरले."

बेबीताईंनी शकुनच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि त्यांना एकाएकी पुढच्या बायकांना गाठायची घाई झाली. दम वगैरे सगळा गेला.

धुक्यात दोघंच उरली. खाली दरीत कुठेतरी गुरांच्या घंटा वाजत होत्या.

"मंग?" शकुन वाटेकडे पाहत म्हणाली. "कशी होती पोरगी?"

"पायापुरती सांगू शकतो. आंगठ्याले चिंधी बांधली होती... ठेच लागली असन."

शकुनचं पाऊल आपोआप लुगड्याच्या काठाआड गेलं.

"मंग काहून नाई जमलं?"

"तिनंच नाई म्हटलं."

"तिनं?" शकुन थांबली. "तिनं म्हटलं, असं सांगतलं कोणी तुमाले?"

"मामानं. म्हणे, पोरगी म्हणते — मान वर न करणारा नवरा काय कामाचा? मले वाटलं, बरोबरच हाय तिचं." तो दोन पावलं पुढे आला आणि त्यानं सरळ तिच्याकडे पाहिलं. "आता वर करून राहिलो. पह्यल्या दिवशी हजेरीत नाव ऐकलं... शकुन जानराव खंडारे. रोज विचारीन विचारीन म्हणतो, आन बादल्या ठेवून वापस जातो."

"म्हणजे... तुमाले ठाऊक होतं?"

"तुमाले नव्हतं?"

आवळा तिच्या मुठीत तसाच राहिला. गालांवरची लाली थंडीनं आलेली नव्हती.

"मी नाई म्हटलंच नाई," ती हळूच म्हणाली. "तुमच्याच मामानं बाबाले निरोप धाडला. पोराले नोकरीवाली नको."

सहदेव वाटेकडच्या दगडावर बसला. वडील गेल्यावर बुधाजीमामानंच त्याला सांभाळलं होतं, अकोल्याच्या मिलमध्ये पाळ्या करून मास्तर केलं होतं. त्या मामाला तो आजवर उलटून बोलला नव्हता.

"त्याले भेव वाटलं असन," शेवटी तो म्हणाला. "पगारवाली सून म्हाताऱ्याले इचारनार नाई, असं."

"मले इचारलं असतं, तं मी सांगतलं असतं. कोणी इचारलंच नाई." "सोमवारी बाबा तेल्हाऱ्याच्या दुसऱ्या स्थळाले शब्द देणार हायेत."

"आन तुमच्या मनात?"

शकुननं धुक्याकडे पाहिलं. मग खाली. मग त्याच्याकडे.

"तवा बी तुमीच पसंत होते," ती म्हणाली. "आता तं... पाणी बी गरम करून देता."

तो हसला, पण उठला तो गंभीर होऊन. "येतो मी, रविवारीच."

"मामाले घेऊन या. तुमच्यासाठी नाई, बाबासाठी. त्यायले लय लागलं हाय ते."

शिबिर संपलं. परतवाड्याच्या स्टँडवरून दोघं दोन गाड्यांनी गेली.

रविवारी सकाळी सहदेव बाळापूरला आला. एकटाच. ओट्यावर जानरावांनी त्याचा जय भीम घेतला, बस म्हटलं नाही. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं — शिबिर, नकार, मामा. काहीच झाकलं नाही.

"मामा काहून नाई आला?" जानरावांनी विचारलं.

"त्यायले काल सांगतलं. बोलले नाईत. जेवले बी नाईत."

जानराव खांबाला टेकले. दाराआड शकुननं चौकट घट्ट धरली होती.

"हे पाय, बापू," ते म्हणाले, "तू बोलला ते खरं वाटते मले. पण नकार त्याच्या तोंडून आला होता, होकार बी त्याच्याच तोंडून पायजे. तेल्हाऱ्याचे लोक उद्या सकाळी येऊन राहिले. तोवर आण त्याले."

सहदेव दुपारच्या गाडीनं अकोल्याला गेला.

दिवेलागणीला शकुनची आई सुंदराबाई परातीत पीठ घेऊन बसली. "किती जणायचं मळू वं?"

"दोघायचं जास्तीचं मळ," शकुन म्हणाली.

सुंदराबाईनं तिच्याकडे पाहिलं, पण हात पुन्हा पिठाच्या डब्यात घातला. ओट्यावर जानराव कंदिलाची काच पुसत होते, गरजेपेक्षा जास्त वेळ.

अकोल्याची शेवटची गाडी स्टँडात शिरल्याचा भोंगा घरापर्यंत ऐकू आला. तिच्यातून कोण उतरलं, ते अजून कळायचं होतं.