तुफान पंचकाचा हरवलेला शेवट

फोन आला तेव्हा पॉल साळवे यांच्या पायांत अजून चर्चला घातलेले बूट होते आणि नाकात मार्थाच्या रश्श्याचा वास. फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला रविवारी दुपारी याहून जास्त काही लागत नाही.

"काका, चोरी झाली," पलीकडून अमृत म्हणाला. आवाज थकलेला. पण हल्ली तो नेहमीच तसा असायचा.

"काय गेलं?"

"कॅसेट."

"कसली?"

"तुफान पंचकची. शेवटच्या भागाची."

पॉल यांनी डोळे मिटले. उभ्या नोकरीत त्यांनी म्हशी शोधल्या, ट्रॅक्टर शोधले, एकदा तर चोरीला गेलेला अख्खा रोडरोलर शोधला. तोही, चोर त्याच्या चालीला कंटाळून केडगावच्या अलीकडेच सोडून गेला म्हणून. कार्टूनची कॅसेट तेवढी राहिली होती.

"येतो," ते म्हणाले. स्वयंपाकघरात मार्थाने रश्श्यावर झाकण ठेवलं. त्या झाकणाचा आवाज ऐकतच ते आयुष्यभर घराबाहेर पडत आले होते.

अमृत ढवळे सावेडीतच, दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. वय पस्तिशीच्या आत. मूत्रपिंडांनी हात टेकले होते, त्यामुळे मंगळवार, गुरुवार, शनिवार दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर. घरात तो आणि त्याचे वडील आप्पासाहेब. बाप साखर कारखान्यात वायरमन होता, आता ओट्यावर बसून सुपारी कातरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायचा.

"आला का पोलीस?" आप्पा म्हणाले. "आता कुत्रं बी बोलवा वास घ्यायला."

पॉल आत गेले. अमृत खाटेवर उशीला टेकून बसला होता.

"नीट सांग. मला त्या पंचकातलं काही कळत नाही."

अमृतने सांगितलं. तुफान पंचक म्हणजे पाच वीरांची टोळी. भोवरा, विजेरी, पोलाद, सावली आणि धुकं. अमृत लहान असताना केबलवर मराठीत दाखवायचे. शेवटच्या भागात काळकूट नावाचा दुष्ट शहराची सगळी वीज गिळतो. पाचही जण त्याच्या वीजघराच्या दाराशी पोचतात. दार आतून बंद करायचं, म्हणजे एकाला आतच राहावं लागणार. कोण राहणार?

"कोण राहिलं?"

"तेच तर कुणाला माहीत नाही काका. लाइट गेली."

हे मात्र पॉल यांना लगेच पटलं. त्या काळात नगरची वीज इतकी जायची, की ती परत आल्यावर आपण बल्ब आहोत हे आठवायला बल्बाला वेळ लागायचा. दारापाशी पाच जण उभे आणि टीव्ही गप. तो भाग पुन्हा कधी लागला नाही. पुढे बाकीचे भाग इंटरनेटवर सापडले, शेवटचा नाही. तेव्हापासून अमृत आणि त्याचे दोस्त दर रविवारी एक भाग लावतात आणि भांडतात.

"मग कॅसेट आली कुठून?"

"शिर्डीहून. तिथल्या लॉजला जनरेटर होता ना."

अजिनाथ नावाचा माणूस तेव्हा त्या लॉजवर कामाला होता. आख्ख्या जिल्ह्यात अंधार आणि हा मालकाच्या व्हीसीआरवर शेवटचा भाग टेप करत बसलेला. गेल्या महिन्यात त्याला ट्रंकेत कॅसेट सापडली. हे दोस्त ती शोधताहेत हे कळल्यावर शुक्रवारी संध्याकाळी त्याने ती आणून दिली. ओम नावाच्या दोस्ताने दुरुस्त केलेला व्हीसीआर आणला. सुरुवातीचं गाणं तेवढं वाजवून बघितलं आणि सगळ्यांनी शपथ घेतली: रविवारी, सगळे मिळून.

"कॅसेट ठेवली कुठे?"

"शोकेसमध्ये. काल दवाखान्यात जाताना होती. रात्री येऊन मी तसाच झोपलो. आज सकाळी बातम्या लावल्या तर टीव्ही निळा. बघतो तर कॅसेट नाही."

पॉल वाकले. गुडघा कुरकुरला. टीव्हीच्या मागे व्हीसीआरची तीन रंगांची वायर जोडलेली होती, लालला लाल, पिवळ्याला पिवळी, पांढऱ्याला पांढरी.

"वायर ओमने जोडून ठेवली होती?"

"नाही. गाणं बघून झाल्यावर त्याने काढून गुंडाळली. पाय अडकेल म्हणाला."

भिंतीवर एक मोठं रंगवलेलं चित्र होतं. दारापाशी पाच जण. मधली पोरगी दोन्ही हातांत चमकते हातमोजे घालून उभी.

"ही विजेरी," अमृत म्हणाला. "संस्कृतीने काढलंय, ती शाळेत चित्रकला शिकवते. लाइट गेली त्या क्षणाचं चित्र आहे. एकेक रेघ आम्ही भांडून नक्की केलीय." मग हळूच म्हणाला, "काका, संध्याकाळपर्यंत मिळेल का? मी थकलोय. तेवढा शेवट बघायचाय."

पॉल बाहेर ओट्यावर येऊन टेकले. आप्पांनी न विचारता सुपारीचं खांड पुढे केलं.

"काल तुम्ही दवाखान्यात गेला नव्हता, आप्पा?"

"गुडगा धरलाता. ओम घिऊन गेल्ता त्याला रिक्षातनं."

"घरी कोण आलं होतं?"

"कोन येतंय? दूधवाला. त्यो काय कार्टून बघतोय व्हय?"

"तुम्ही बघता?"

"मी?" आप्पा हसले. "एक भाग बघितला असंल तर जीभ झडंल. बारकी पोरं बघत्यात ते."

पॉल यांनी उसासा टाकला. "मलाही डोक्यात शिरेना. तो पोलाद कोण, सावली कोण. आणि ती पोरगी दोन्ही हातांत हातमोजे घालून वीज पाडते म्हणे…"

"दोन कुठं? एकच ऱ्हातो. दुसरा भोवऱ्याला दिती ना ती." अडकित्ता कटकन वाजला. "आमच्या बी कानावर पडतंय की. दर रविवारी नुस्ता कालवा."

"पडणारच," पॉल म्हणाले आणि रिकाम्या गल्लीकडे बघत बसले.

संध्याकाळी तिघंही आले. पॉल यांनी एकेकाला आतल्या खोलीत घेतलं.

ओमचं मोबाईलचं दुकान होतं. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"शेवटाबद्दल तुझं म्हणणं काय होतं?"

"पोलाद आत राहतो. मी त्यावर व्हिडिओ केलेत काका. लोक शिव्या घालतात, पण बघतात."

"आणि कॅसेटमध्ये दुसरंच निघालं असतं तर?"

"तर आणखी शिव्या," ओम म्हणाला. "तेवढ्यासाठी चोरी करीन? काल मी दिवसभर अमृतजवळ दवाखान्यात होतो. नर्सला विचारा."

संस्कृती आली ती चिडूनच. "माझ्यावर संशय? मला वाटतं सावली राहते. नसेल राहत तर नसो. मला ते दार उघडलेलं बघायचंय फक्त. चित्र अर्धं ठेवून झोप येत नाही हो."

"शुक्रवारी काही वेगळं घडलं?"

ती थांबली. "अमृत म्हणाला, एकदा शेवट बघितला की मी मोकळा. मग मशीनबिशीन बंद. आम्ही हसण्यावारी नेलं."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"आम्ही सगळे. आप्पा दारात सुपारी कातरत होते."

अजिनाथ मोठा गडी, पन्नाशीकडे झुकलेला. "सायेब, मला चोरायची असती तर दिली कशाला असती?"

"तुम्ही शेवट बघितलाय?"

"न्हाई बा. टेप लावली आन् गिऱ्हाईक आलं, खोल्या दावाया गेलो. मागनं व्हीसीआर मालकानं इकला. आमच्या नशिबी बी अंधारच."

पॉल बाहेरच्या खोलीत आले. सगळे बसले होते. आप्पा दाराच्या उंबऱ्यावर, नेहमीसारखे, अर्धे आत अर्धे बाहेर.

"चोर बाहेरचा नाही," पॉल सावकाश बोलू लागले. "बाहेरचा चोर कॅसेट उचलतो आणि जातो. याने आधी वायर जोडली, इथंच बसून कॅसेट बघितली, मग लपवली. टीव्ही व्हीसीआरवरच सोडला, म्हणून सकाळी निळा दिसला. बघायला निवांत वेळ लागला. घर कधी निवांत होतं? काल, अमृत मशीनवर असताना. ओम त्याच्यासोबत होता. संस्कृती किंवा अजिनाथ आले असते तर ओट्यावर बसलेल्या आप्पांना दिसले असते."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"आता मला एक सांगा. त्या चित्रात विजेरीच्या हातांत किती हातमोजे?"

"दोन," तिघं एकदम म्हणाले.

"मग एक हातमोजा ती भोवऱ्याला कधी देते?"

"देत नाही," ओम म्हणाला.

"कुठल्याच भागात नाही," संस्कृती म्हणाली. "ते हातमोजे निघत नाहीत काका. पाचव्या भागात काळकूट ओढतो तेव्हासुद्धा…" आणि ती मध्येच थांबली. भिंतीवरच्या चित्राकडे बघू लागली.

"बरोबर," पॉल म्हणाले. "तुम्ही कधी चर्चाही केली नसेल त्याची. म्हणजे रविवारच्या कालव्यात ते कुणाच्या कानावर पडणं शक्य नाही. दिला असेल तर लाइट गेल्यानंतरच. आणि ते मला आज दुपारी एका माणसाने सांगितलं. मी चुकीचं बोललो तर त्याला राहवलं नाही. या कार्टूनचं हेच वाईट आहे. एकदा बघितलं की माणूस दुसऱ्याची चूक सोडत नाही." त्यांचा आवाज खाली आला. "वायरी रंगाला रंग लावून जोडल्यात. वायरमनचा हात चुकत नाही, आप्पा."

अडकित्ता थांबला.

"आप्पा?" अमृत म्हणाला.

आप्पांनी कुणाकडे बघितलं नाही. "ज्वारीच्या कोठीत हाय. तळाला."

"ज्वारीत?" ओम ओरडला. "टेपला धूळ लागली तर?"

"दुधाच्या पिशवीत घालून बांधलीया. येडा हाय का मी?"

"पण का?" अमृतने विचारलं.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शुक्रवारी तू काय म्हनलास? शेवट बघितला की मोकळा. मशीन बंद. म्हनलास का न्हाई?" ते थांबले. "माझ्या आईचा जीव गाईत अडकलाता. कपिली गाय, भावाच्या वाटनीला गेलती. म्हातारी हातरुनात पडून, ना खाती ना जाती. समदे म्हनले, गाय दावा तिला. मी आनली. दारात हुबी केली. म्हातारीनं डोळं भरून बघितली, आन् गेली." त्यांनी नाक पुसलं. "ती गाय मीच आनलीती, अमृता. आता ही कॅसेट बी मीच लावून दिऊ व्हय?"



"आणि बघितली का?" पॉल यांनी विचारलं.

"त्या दिशी लाइट गेली तवा ह्यो एवढासा हुता. माझा पाय धरून रडला. आप्पा, तुमी वायरमन, लाइट आना. म्या काय आननार? लाइन वरनंच बंद." आप्पा अमृतकडे वळले. "तुला दावाया जीव हुईना. म्हनलं निदान आपन बघावं, पोरानं ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला ते हाय तरी काय."

अमृत आपल्या मनगटाकडे बघत राहिला. सुया टोचून टोचून तिथे गाठी आल्या होत्या.

"खरंच बंद करनार हुतास?" आप्पांनी विचारलं.

"अर्धं खरं, आप्पा. कंटाळा येतो हो."

"मला बी येतो," आप्पा म्हणाले.

मग अमृत म्हणाला, "कसा आहे?"

"काय?"

"शेवट."

"बरा हाय. ती पोरगी…"

"सांगू नका," चौघं एकदम म्हणाले.

अजिनाथने कोठीत खांद्यापर्यंत हात घालून कॅसेट काढली. ओमने ती शर्टाला पुसली, फुंकर मारली, लावली. आप्पा उंबऱ्यावरून उठले नाहीत. पॉल मात्र त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

दारापाशी पाच जण उभे राहिले. हाच तो क्षण. सगळ्यांची नजर आपोआप वर पंख्याकडे गेली. पंखा फिरत होता.

दार उघडलं. विजेरीने एक हातमोजा काढला, भोवऱ्याच्या हातात ठेवला आणि आत गेली. दार बंद. काळोख. मग शहरातला एकेक दिवा लागत गेला. शेवटी भोवऱ्याच्या मुठीतला हातमोजा चमकला. नावं वर सरकू लागली.

अमृतने डोळे मिटले होते. आप्पांचा हात पॉल यांच्या गुडघ्यावर घट्ट बसला.

"मेली बिचारी," ओम म्हणाला. "चला. संपलं एकदाचं."

अमृतचे डोळे उघडले. "मेली? हातमोजा चमकला तो काय उगीच?"

"तो आठवण म्हणून रे."

"आठवण म्हणून? ओम, तिसऱ्या भागात काय सांगितलंय? तिच्या नाडीशिवाय तो हातमोजा पेटत नाही. म्हणजे ती आत जिवंत आहे."

"डबिंगची चूक असेल ती."

"चूक?" अमृत उशी सोडून ताठ बसला. "तू व्हिडिओ कसले करतोस रे? तिसरा, सातवा, नववा, तिन्ही भागांत आहे. आत्ता माझ्यात ताकद नाही. मंगळवारी ये. मशीनवर चार तास मोकळाच असतो मी. लॅपटॉप आण. तिथं तुला एकेक भाग दाखवून पटवतो."

"मीही येणार," संस्कृती म्हणाली. "तुम्ही दोघंही चुकताय."

पॉल यांच्या गुडघ्यावरची पकड हळूहळू सैल झाली. ते उठले, बुटांत पाय घातले. घरी रस्सा कधीचाच निवला असणार.

मागे आप्पांनी टोपी डोक्यावर चढवली.

"दोनदा चमकतोय त्यो," ते उंबऱ्यावरून म्हणाले. "एकदा दार लागताना, एकदा शेवटी. नीट बघत जावा. आन् मंगळवारी रिक्षात मला बी जागा ठिवा. गुडगा बरा हाय आता."