चौथं लिंबू

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण हसू नका. जिच्यासोबत घडली ती बिजलीबाई माझी सख्खी मावशी. तिला बाकी सगळं येतं, रचून सांगणं तेवढं येत नाही.

साल २००६. फुलसावंगीजवळचा आमचा तांडा. वैशाखातला मंगळवार.

आणि रात्र नव्हती. भर दुपारचे साडेबारा वाजले होते...

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, तांड्यात कोणाच्या तोंडावर हसू नव्हतं. अशात मावशीच्या धाकट्या दिरानं, लखननं, पाडव्याला कार आणली. जुनीच, पांढरी. लखन पांढरकवड्याला ट्रकवर होता, त्याला महिन्याचा पगार होता. मावशीचा नवरा देवीलाल मात्र शेतात राबणारा. त्याच्याकडं एक सायकल, तीही चेन पडणारी.

सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं गाडीची पूजा झाली. ओवाळायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे मावशीचा. ती नवी ओढणी घेऊन पुढं झाली.

लखननं ताट आपल्या बायकोच्या, संगीताच्या हातात दिलं.

"भाभी, तुमी चाकाखाली लिंबं ठेवा," तो मावशीला म्हणाला.

सगळ्या तांड्यादेखत!

चार चाकं, चार लिंबं. गाडी पुढं सरकली की लिंबं फुटतात आणि लोकांची नजर तिथंच चिरडली जाते, असं आमच्याकडं मानतात. मावशीनं तीन ठेवली. चौथं, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचं, तिनं गुपचूप ओढणीच्या गाठीत बांधलं.

त्याच बाजूला संगीता बसणार होती.

"जीव असा जळत होता का मले काही सुचलंच नाही," मावशी मला म्हणाली.

गाडी सरकली. पट्... पट्... पट्...

टाळ्यांच्या आवाजात कोणी मोजलं नाही.

घरी येऊन मावशीनं ते लिंबू ज्वारीच्या कणगीत खोल दडवलं.

आता गाडी आली खरी, पण गल्लीत वळेना. वळणावर एक काळा दगड होता. संध्याकाळी बायका त्यावर बसायच्या, ओढणीवर आरशाच्या काचा शिवायच्या, सासवांच्या चुगल्या करायच्या. लखननं तांड्याच्या प्रमुखाला, नायक शंकरसिंगला, विचारून दगड उपटला. मग शेळ्या हलल्या. खाटा आत गेल्या. पोरांचं खेळणं बंद झालं. हॉर्न वाजला की म्हातारी माणसंसुद्धा भिंतीला चिकटायची.

संध्याकाळी शेतातून येताना मावशीही चिकटायची. धूळ खायची आणि बघायची. पुढच्या सीटवर, खिडकीत कोपर टेकवून बसलेली संगीता! बाजारात जाताना ती मावशीला म्हणायची, "बाई, या नं, मांगं बसा."

मागं! थोरली मी, आणि मागं बसू?

मावशी काळी-पिवळी जीपला लोंबकळत जायची, पण त्या गाडीत पाय ठेवायची नाही. तिला ती पुढची सीट हवी होती. एकदाच. सगळ्यांनी बघावं म्हणून.

पंधरा दिवसांनी संगीता तिच्याकडं आली. चेहरा उतरलेला.

"बाई, वळणावर गाडी हळू झाली का... दरवाजाले कोणीतरी हात लावून राह्यलं, असं वाटते."

"ऊन लागलं तुले," मावशी म्हणाली. मनात म्हणाली, भोग आता.

त्यानंतर दरवाजा आपोआप उघडायला लागला. खट्... नेमका त्याच वळणावर. लखननं कडी बदलली.

तरी उघडला.

एक दिवस वळणावरच संगीता चालत्या गाडीतून बाहेर फेकली गेली. खांदा मोडला. तिला पुसदला दवाखान्यात नेलं.

बातमी ऐकून मावशीच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते तिनं मला खाली मान घालून सांगितलं.

सीट रिकामी झाली.

मंगळवारी जेवणाचा डबा द्यायला जायचं होतं. मागच्या सीटवर अंथरूण-पांघरूण कोंबलेलं. लखन म्हणाला, "भाभी, पुढं बसा."

मावशी बसली. मऊ सीट. खिडकीत कोपर टेकवलं. तिनं ऐटीत बाहेर बघितलं...

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दगड नाही, खाटा नाहीत, पोरं नाहीत. आज तिला बघायला कोणीच नव्हतं.

गाडी वळणाशी आली. हळू झाली.

पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा आवाज थांबला. इंजिनाचाही आवाज ऐकू येईना... आणि गाडीत ताज्या लिंबाचा वास सुटला.

मावशीनं मान वळवली.

भिंतीला चिकटून एक बाई उभी होती. जुनी ओढणी. मूठ घट्ट आवळलेली. बोटांच्या फटीतून पिवळं काहीतरी दिसत होतं. ती मावशीकडं बघत नव्हती. ती सीटकडं बघत होती.

त्या बाईनं मान वर केली.

ती बिजलीबाईच होती.

तेच गोंदण. तोच तुटलेला दात. आणि डोळ्यांत अशी आग, की मावशीला स्वतःच्याच तोंडाची भीती वाटली.

त्या बाईनं हात पुढं केला...

खट्...

मावशी किंचाळली. लखनचा दंड धरला. त्यानं कचकन ब्रेक मारला.

"काय झालं, भाभी? कोण हाये?"

दरवाजा सताड उघडा होता. बाहेर नुसतं ऊन.

मावशी अनवाणीच घरी पळाली. सगळी कणगी उपसली. ज्वारीचा दाणा न् दाणा जमिनीवर पसरला.

लिंबू नव्हतं.

महिन्याभरानं संगीता गळ्यात हात अडकवून घरी आली. मावशी तिच्या पाया पडायला, सगळं कबूल करायला गेली. तोंड उघडण्याआधीच संगीतानं हळूच विचारलं,

"बाई, एक सांगा. रोज दुपारी त्या वळणावर तुमी काहून उभ्या राहत होत्या?"

मावशी तशीच माघारी फिरली. रोज दुपारी ती देवीलालसोबत शेतात असायची. सगळ्या तांड्याला माहीत होतं.

लखननं गाडी विकली. दगड पुन्हा जागेवर आणला. पण त्यावर कोणी बसत नाही. आता तर घरोघरी मोटरसायकली आहेत, दोन-तीन कार आहेत. बसायला वेळ कोणाला आहे?

मागच्या दसऱ्याला मीही गाडी घेतली. कौतुकानं मावशीला म्हटलं, चल, पुढं बस.

"नाही बाप्पा. मी मांगंच बरी," ती म्हणाली.

पूजेला नातेवाईक, शेजारी, झाडून सगळे आले होते. सगळे हसत होते. मावशीची गोष्ट मला माहीत होती, म्हणून चारही लिंबं मी स्वतःच्या हातानं ठेवली. दोनदा मोजली.

मग गाडीत बसलो. काच खाली केली. गाडी पुढं सरकवली.

पट्... पट्... पट्...

मी अजूनही त्या दिवशीचा एकेक चेहरा आठवून बघतो.