चार शब्द आणि सहा वाक्यं

"आजोबा... शाल्मली... अक्षर... शिकवणं."

हेच चार शब्द आजोबा रोज सकाळी उच्चारायचे, आणि कराडच्या लोहारांच्या घरात त्यांचा अर्थ कुणालाच नीट लागत नव्हता.

दहा वर्षांच्या शाल्मलीचे आजोबा, उदय लोहार, गावातले नावाजलेले पेंटर. दुकानांवर रंगवलेल्या पाट्यांच्या जागी विजेचे उजळते पडदे येऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी लोक हौसेने त्यांच्याकडून पाटी रंगवून घेत. दोन महिन्यांपूर्वी मात्र त्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबला. उजवा हात लुळा पडला आणि त्यांना वाचाघात झाला (मेंदूला इजा होऊन बोलणं विस्कटणं). शब्द तोंडात यायचे, पण त्यांचं वाक्य होत नसे.

घरच्यांनी आपल्या परीने अर्थ लावला. शाल्मलीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा आजोबांना तिला अक्षर शिकवायचं असणार. आईने तिला वही घेऊन त्यांच्यासमोर बसवलं. आजोबांनी नकारार्थी मान हलवली आणि तिच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. शाल्मली डावखुरी होती. आपण डाव्या हाताने लिहिलेलं त्यांना आवडत नाही, असं तिला वाटलं. ती मुकाट्याने उजव्या हाताने लिहू लागली, तेव्हा आजोबांनी वहीच ढकलून दिली. शाल्मली स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्याच आठवड्यात इस्पितळातून डॉ. फरीदा मुलाणी आल्या. त्या भाषेच्या शास्त्रज्ञ. त्यांनी डब्याएवढं एक यंत्र आणलं होतं, त्याचं नाव वाक्ययंत्र. सुटे शब्द ऐकून ते वाक्य तयार करायचं आणि त्याचं चित्र भिंतीवर दाखवायचं.

शाल्मलीने बोटांवर हिशेब केला. चार शब्द चोवीस प्रकारे मांडता येतात, मग यंत्र चोवीस वाक्यं दाखवणार का, असं तिने विचारलं. फरीदाताईंना प्रश्न आवडला. नुसते शब्द उलटसुलट मांडून वाक्य होत नाही, असं त्यांनी समजावलं. यंत्राच्या आत नियमसंच असतो (वाक्य कसं बांधायचं ते सांगणारे मोजके नियम). पहिला नियम म्हणतो, वाक्याचे दोन भाग कर, करणारा आणि क्रिया. दुसरा म्हणतो, क्रियेचा भाग 'शिकवणं' असेल तर त्यात कुणाला आणि काय, या दोन जागा ठेव. मग रिकाम्या जागांत शब्द भरायचे. एका खोडाला फांद्या फुटत जाव्यात तसं वाक्य वाढतं. नियम थोडेच, पण त्यांतून हवी तेवढी वाक्यं निघतात.

यंत्राने भिंतीवर वाक्य उमटवलं, 'आजोबा शाल्मलीला अक्षर शिकवतील.' आजोबांनी डोळे मिटून घेतले.

यंत्राने एवढं एकच वाक्य का दिलं, ते शाल्मलीला कळेना. फरीदाताई म्हणाल्या की जे नाव आधी ऐकू येईल तो करणारा, त्यानंतरचं 'कुणाला' आणि शेवटचं 'काय', असाही एक नियम त्यात घातलेला आहे. काही भाषांमध्ये शब्दांची जागा बदलली की अर्थच उलटतो, त्यांच्यासाठी तो नियम लागतो.

शाल्मली विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "पण फरीदाताई, 'मांजराने उंदराला पकडलं' काय आणि 'उंदराला मांजराने पकडलं' काय, आपल्याकडे पकडतं मांजरच. कोण आधी आलं त्यावर ठरत नाही. 'ने' आणि 'ला' कुणाला लागलेत त्यावर ठरतं."

"आणि आजोबांच्या शब्दांचे तेच प्रत्यय गळालेत," फरीदाताई म्हणाल्या. प्रत्यय म्हणजे शब्दाच्या शेवटी जोडली जाणारी, त्याचं काम सांगणारी अक्षरं. "मग त्यांच्या शब्दांचा क्रम धरून कसं चालेल? बरोबर आहे तुझं."

त्यांनी तो नियम काढून टाकला. तीन नावं, तीन जागा. भिंतीवर सहा वाक्यं उमटली. एकात 'अक्षर आजोबांना शाल्मली शिकवेल' असं होतं, आणि चित्रात चष्मा लावलेला एक 'क' फळ्यापाशी उभा होता. फरीदाताईंनी सांगितलं की नियम फक्त वाक्याची बांधणी तपासतात, त्यात अर्थ आहे की नाही ते माणसाने बघायचं. तेवढ्यात मागून खुदखुद ऐकू आली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच आजोबा हसत होते.

हसता हसता ते थांबले आणि त्यांनी सहाव्या वाक्यावर बोट ठेवलं.

'शाल्मली आजोबांना अक्षर शिकवेल.'

मग त्यांनी आपला डावा हात उचलून तिच्या डाव्या हाताशेजारी ठेवला.

शाल्मलीला सगळं उमगलं. घरात डाव्या हाताने लिहिणारी ती एकटीच होती. तिने डोळे पुसले, कागद तिरका ठेवला, पेन्सिल कुठे धरायची ते दाखवलं. आजोबांचा पहिला 'अ' तिच्या 'अ'पेक्षाही वाकडा आला, तेव्हा दोघांनाही हसू आवरेना.

फरीदाताईंनी बदललेला नियमसंच इस्पितळातल्या इतर रुग्णांसाठीही वापरायला घेतला. शाल्मलीने मोठेपणी आपल्याकडे कामाला यावं, असं त्या आईला दोनदा बजावून गेल्या.

तीन आठवड्यांनी एका सकाळी धडा चालू असताना आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. स्वयंपाकघराकडे बघत, एकेक शब्द तोलत ते म्हणाले, "चहा... आजोबांना."

शब्द उलटे आले होते, पण प्रत्यय जागेवर होता. चहा कुणाला हवा, हे आईने विचारलं नाही. तिने आधण ठेवलं.