राजाच्या ढोलाची पहिली थाप

मला सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? सगळं सांगून टाकणाऱ्यावर, की निम्मं पोटात ठेवणाऱ्यावर? लालबागचे हेमचंद्रशेठ म्हणायचे, गिऱ्हाईक निम्मंच बोलतं, उरलेलं आपण त्याच्या चपलांवरून ओळखायचं. ढोल-ढोलक्यांच्या धंद्यात त्यांची हयात गेली ती अशीच.

बाराकाच्या चपला मात्र काही बोलेनात. माणूस आफ्रिकेतला, पुण्यात शिकलेला, मराठी बऱ्यापैकी. त्याच्या राजाला इंग्रजांनी ढोलासकट मुंबईत आणून डांबलं. राजा परळलाच वारला. तिकडे साहेबानं गादीवर दुसराच बसवला, पण ढोलाशिवाय त्याला कुणी राजा मानेना. साहेब गेल्यावर तिकडे आलेल्या सरकारनं तर गादीच बंद केली. ती बंदी यंदा उठली. राजाचा पणतू अभिषेकासाठी खोळंबला होता आणि बाराकानं परळहून दुकानात आणलेल्या ढोलाचं कातडी पान फाटलेलं.

"नवं पान चढवा, शेठ. पण वाजवू नका... राजा बसल्याशिवाय थाप नाही."

"का रे बाबा?"

बाराका नुसता हसला.

भर दुपारी कारागीर दत्तारामनं शेवटची वादी आवळली. पान खडखडीत वाळलं होतं, तरी ओल्या कातड्याचा वास दुकानातून हलेना.

"शेठ, मुका ढोल उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये. आपली रीत हाय. उद्या अभिषेकात फाटला तर नाव कुणाचं जाणार?"

"बाबा, तो नाही म्हणालाय ना!" गल्ल्यावरून सून नूपुर म्हणाली.

"हळूच गं. त्याला कळतंय कशाला!"

शेठनी थाप मारली. आवाज ढोलातून आलाच नाही. तो फरशीखालून आला, तळपायांतून वर चढला... आणि थांबेना. समोरच्या मसाला गिरणीची घरघर एकाएकी ऐकू येईनाशी झाली. गिऱ्हाइकाच्या रिकाम्या खुर्चीतली उशी हळूहळू दबत गेली, कुणीतरी थकलेलं, जडशीळ माणूस टेकावं तशी.

बाराका दारात उभा होता. खुर्चीकडे बघून त्यानं गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं.

"काय झालं रे?" शेठनी ढोलावरचा हात काढून घेतला.

"राजा बसला... जुना."

"मग पणतू?"

"जुना उठून गेला, की नवा बसेल."

"आणि उठलाच नाही तर?"

"उठेल. एकट्यानं जायची राजाची पद्धत नाही, म्हणून इतकी वर्षं थांबला. पहिली थाप मारणारा त्याचा ढोलकरी, शेठ. राजामागोमाग तो जातो."

"अरे, पण राजा तर मेलाय...!"



उशी सावकाश फुगली. शेठची बोटं त्यांच्याच मांडीवर एक अनोळखी ठेका धरू लागली. त्यांनी दुसऱ्या हातानं ती दाबली, तर तो हातही वाजू लागला. ते ओट्यावरून खाली उतरले.

"बाबा, कुठे निघालात?"

"नूपुर... गल्ला आता तुझ्याकडे. हिशेब चोख ठेव गं."