मावशीची राणी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडलंय. मावशी जादूच्या राज्यांच्या, उडत्या घोड्यांच्या कादंबऱ्या लिहिते. कागदावर वाट्टेल तेवढ्या थापा मारेल, पण एरवी तिच्या तोंडून खोटं निघत नाही.

आणि हे घडलं तेव्हा रात्र नव्हती. भर दुपार होती.

लिहायला बसताना मावशी आधी काहीच ठरवत नाही. "गोष्ट असतेच रे कुठेतरी. आपण फक्त शोधत जायचं," म्हणते. अडली की समोर एक रिकामी खुर्ची ठेवते, पात्राला तिच्यात बसवते आणि चक्क गप्पा मारते. काका थट्टा करायचे, "पाहुण्यांना पाणी देऊ का?"

त्या दुपारी काका कामावर होते. आतल्या खोलीत त्यांची छोटी लेक तापाने फणफणली होती. तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून मावशी बाहेर टेबलाशी बसली. कादंबरीतली राणी आपली हरवलेली मुलगी शोधत रानोमाळ भटकत होती, आणि पुढचं काही केल्या सापडेना.

मावशीने खुर्ची ओढली. "बाई, आता कुठे शोधणार आहेस?"



खुर्ची करकरली.

जुनं लाकूड आहे, मावशीने मनाची समजूत घातली. आणि एकदम तिचा हात भराभर चालायला लागला. राणी एका घरापाशी आली. आत खिडकीला निळा पडदा. पलंगावर एक मुलगी. कपाळावर पट्टी...

हात थांबला.

तो पडदा तिच्याच घरातला होता.

मावशी धावत आत गेली. लेक टक्क जागी होती. ताप पार उतरलेला. कपाळावर पट्टी होती... पण मावशीने ठेवलेली नव्हती. रेशमी होती, आणि बर्फासारखी गार.

"ही कोणी ठेवली गं?"

"त्या बाईंनी. येतेस का म्हणाल्या. मी म्हटलं, आईला विचारा."

"कुठायत त्या?"

"तुलाच विचारायला बाहेर गेल्या ना..."

 बाहेर पुन्हा करकर झाली. मावशी कशीबशी टेबलापाशी आली. खुर्चीत कोणी नव्हतं. 'नाही' म्हणायचं तरी कोणाला? शेवटी तिने लिहिलं, 'राणीने नीट पाहिलं. ही तिची मुलगी नव्हती. तिची मुलगी दूर, डोंगरांपलीकडे होती.'



मग बाहेरचं दार हळूच लागलं.

तेव्हापासून मावशी ती कादंबरी संपवत नाही. भागामागून भाग निघतात. वाचक खूश, प्रकाशक त्याहून खूश. मावशी मात्र जीव मुठीत धरून लिहिते. राणीला नवनवे समुद्र, नवी वाळवंटं देते, लांब लांब धाडते. लेक आता कॉलेजात जाते.

परवा मावशीने मला नवं प्रकरण वाचायला दिलं. 

राणी परत फिरली होती.

"मावशी, कशाला फिरवलीस तिला?"

"मी नाही रे फिरवली."

मग तिने आतल्या खोलीकडे बघत लेकीला हाक मारली.

उत्तर आलं. पण जरा उशिराच आलं, आत आधी दुसऱ्या कोणाशी तरी बोलणं संपवावं तसं, आणि ते मला अजून खटकतंय.